एलसीडी साउंडसिस्टमचा पहिला अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

2005च्या सुरुवातीला आलेला 'एलसीडी साउंडसिस्टम' हा त्याच नावाच्या न्यूयॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम. रॉकवाल्यांना तो डान्सचा वाटतो, डान्सवाल्यांना रॉकचा, आणि पहिल्यांदा ऐकताना दोघांच्याही कपाळावर एखादी आठी पडतेच. त्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं. काही उत्तरांत माझी आवडनिवड सरळ दिसेल.

हा बँड आहे की एकटा माणूस?

स्टुडिओत जवळजवळ एकटा माणूस, रंगमंचावर पूर्ण बँड. गाणी लिहिणारा, गाणारा आणि बहुतेक वाद्यं स्वतः वाजवणारा जेम्स मर्फी. निर्मितीत त्याच्या जोडीला टिम गोल्डस्वर्दी होता. दोघं मिळून 'द डीएफए' या नावाने काम करायचे. मैफलीत मात्र पॅट माहोनी ड्रम्सवर, नॅन्सी व्हँग कीबोर्डवर, टायलर पोप बेसवर आणि फिल मॉसमन गिटारवर असे लोक होते. हा फरक ऐकताना जाणवतो. अल्बममधली गाणी आखीव आहेत, प्रत्येक आवाज आपल्या जागी बसवलेला. तीच गाणी मैफलीत घाम गाळत, जरा जास्त वेगाने धावतात.

'डान्स-रॉक' म्हणजे नक्की काय? गिटारला ड्रम मशीन जोडलं की झालं?

तेवढ्यावर भागत नाही. रॉकचं गाणं साधारणपणे कुठेतरी पोहोचायला निघालेलं असतं: कडवं, ध्रुवपद, पुन्हा कडवं, मग कळस. नाचायच्या संगीताला पोहोचायची घाई नसते. एक ठेका धरायचा आणि त्यावर थर चढवत, उतरवत राहायचं. डान्स-रॉकची खरी कसोटी ही, की गाणं लिहिलं कोणत्या बुद्धीने. गिटार असूनही ठेकाच मालक असेल, तर ते डान्स-रॉक.

या दोन जगांत वैर किती होतं ते आज पटत नाही. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या लागोपाठच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को म्हणजे खोटं, रॉक म्हणजे खरं, ही समजूत अमेरिकन रॉक श्रोत्यांच्या डोक्यात बराच काळ घट्ट बसून राहिली. तिच्यामागे काळ्या आणि समलिंगी लोकांच्या संगीताबद्दलचा आकसही होता, हे आता उघडपणे बोललं जातं.

भिंत पाडणारे मात्र तेव्हाही होते. न्यूयॉर्कमध्ये ईएसजी, लिक्विड लिक्विड, टॉकिंग हेड्स असे बँड. इंग्लंडमध्ये जॉय डिव्हिजन या बँडच्या राखेतून उभा राहिलेला न्यू ऑर्डर, ज्यांचं 'ब्लू मंडे' 1983 साली आलं. मर्फीने ही वाट शोधून काढली नाही. ती झाडाझुडपांत हरवली होती, ती त्याने साफ केली.

पहिला अल्बम आला तेव्हा मर्फी चक्क पस्तिशीला टेकला होता. तोवर काय करत होता?

बरंच काही, आणि त्यातलं फारसं काही जमलं नव्हतं. त्याचा जन्म 1970चा, न्यू जर्सीतला. नव्वदच्या दशकात तो पोनी, स्पीडकिंग अशा इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या) आणि पंक बँडमध्ये होता. ते बँड आले आणि गेले. ध्वनिमुद्रणाचं तंत्र शिकला, इतरांच्या मैफलींचा आवाज सांभाळला. बावीस वर्षांचा असताना 'साइनफेल्ड' या तेव्हा नवख्या विनोदी मालिकेसाठी लिहायची संधी त्याच्याकडे चालून आली होती. ही मालिका काही टिकायची नाही, असं वाटून त्याने ती नाकारली. पुढे ती अमेरिकेतल्या सर्वांत लोकप्रिय मालिकांपैकी एक झाली.

हा किस्सा गमतीचा म्हणून सांगितला जातो, पण अल्बम समजून घ्यायला तो उपयोगी आहे. आपण उशिरा पोहोचलो, गाडी निघून गेली, ही भावना या रेकॉर्डच्या हाडामांसात आहे. विशीतल्या पोराला हा अल्बम करता आला नसता. त्याच्याकडे लाज वाटण्याइतका भूतकाळच नसता.

डीएफए म्हणजे काय?

मर्फी, गोल्डस्वर्दी आणि जोनाथन गॅल्किन यांनी 2001 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली रेकॉर्ड कंपनी. गोल्डस्वर्दी इंग्लंडमधून आलेला, 'अंकल' (UNKLE) या संगीत-प्रकल्पात काम केलेला. डेव्हिड होम्स या आयरिश डीजेच्या अल्बमवर काम करताना त्याची आणि मर्फीची गाठ पडली. एकाला पंकची, ड्रम कसा वाजला पाहिजे याची नस ठाऊक; दुसऱ्याला सॅम्पलची (जुन्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्यांची) आणि डान्सची. कंपनीचा पहिला मोठा आवाज एलसीडीचा नव्हता. तो 2002 साली आलेल्या द रॅप्चर या बँडच्या 'हाउस ऑफ जेलस लव्हर्स'चा होता. ज्या क्लबांत गिटार ऐकू आली की लोक नाक मुरडत, तिथे ती तबकडी वाजू लागली.

त्या काळच्या न्यूयॉर्कचा या अल्बमशी काय संबंध?

फार जवळचा. त्या शहरात 1926 सालचा एक 'कॅबरे कायदा' होता: खास परवाना नसलेल्या बारमध्ये, रेस्टॉरंटमध्ये लोकांनी नाचायचं नाही. वर्षानुवर्षं तो धूळ खात पडलेला असायचा. महापौर रुडी जुलियानी यांनी नव्वदच्या दशकात तो पुन्हा बाहेर काढला आणि परवाना नसलेल्या ठिकाणांवर कारवाई सुरू झाली. डिस्को ज्या शहरात वाढला, तिथे बारमध्ये कंबर हलवणं बेकायदा. हा कायदा रद्द व्हायला 2017 उजाडलं.

त्यात भर म्हणजे इंडी-रॉकच्या मैफलींतला तेव्हाचा शिष्टाचार. हाताची घडी, मान किंचित हलवायची, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. नाचणं म्हणजे जणू बुद्धी गहाण टाकणं. 'बीट कनेक्शन' हे गाणं याच लोकांबद्दल आहे. रात्री बाहेर पडलेले, पण सुटे न होणारे, एकमेकांना स्पर्शही न करणारे लोक. मर्फी त्यांच्यावर ओरडत नाही. कित्येक मिनिटं नुसता ठेका चढवत नेतो आणि मग तोंड उघडतो. तोवर ऐकणाऱ्याचा पाय हललेला असतो, म्हणजे वाद अर्धा जिंकलेला असतो.

दोन सीडी का आहेत? सुरुवात कुठून करावी?

पहिल्या सीडीवर नऊ नवी गाणी, साधारण 47 मिनिटं. दुसरीवर 2002 ते 2004 दरम्यान सुटी सुटी आलेली गाणी आणि त्यांची रूपं, सात ट्रॅक, साधारण 53 मिनिटं. म्हणजे 'जादा' म्हणून दिलेली सीडी मूळ अल्बमपेक्षा लांब आहे.

माझं मत विचाराल तर दुसरीपासून सुरुवात करा. पुष्कळ जण तिला परिशिष्ट समजून शेवटी ऐकतात, किंवा ऐकतच नाहीत. पण घडलं त्या क्रमाने पाहिलं तर दुसरी सीडी म्हणजे एका माणसाला आपला आवाज सापडतानाची नोंद आहे, आणि पहिली म्हणजे तो आवाज सापडल्यावर त्याने काय काय करून पाहिलं ते. 'लूझिंग माय एज' ऐकल्याशिवाय 'मूव्हमेंट'मधला वैताग नुसता आरडाओरडा वाटतो. उलट क्रमाने ऐकलं की कळतं, हा माणूस चिडलाय तो आधी स्वतःवर.

'लूझिंग माय एज'बद्दल एवढं का बोललं जातं?

कारण संगीतवेड्या लोकांची इतकी अचूक खोडी त्याआधी कुणी क्वचितच काढली होती, आणि खोडी काढणारा स्वतः त्याच टोळीतला होता.

पार्श्वभूमी अशी. मर्फी डीजे म्हणून जुन्या पंक, क्राउट-रॉक (सत्तरच्या दशकातलं जर्मन प्रयोगशील रॉक) आणि डिस्को तबकड्या एकत्र करून वाजवायचा. त्याबद्दल त्याचं थोडं नाव झालं. मग एके दिवशी दुसराच कुणी तरुण डीजे त्याच तबकड्या वाजवताना त्याला दिसला. मर्फीला आधी राग आला, आणि लगेच त्या रागाची शरम वाटली. त्या तबकड्या त्याने थोड्याच बनवल्या होत्या? दुसऱ्यांच्या कर्तृत्वावर आपण आपली ऐट उभी केली होती, हे त्याला दिसलं. गाणं त्यातून आलं.

गाण्यातला निवेदक सांगत सुटतो की तो सगळीकडे हजर होता. 1968 साली कोलोन शहरात कॅन या जर्मन बँडच्या पहिल्या मैफलीत, 1974 साली न्यूयॉर्कमध्ये सुइसाइड या बँडच्या तालमीत, पॅराडाइज गॅराज या क्लबमध्ये डीजे लॅरी लेव्हनच्या शेजारी. 1968 साली मर्फीचा जन्मही झाला नव्हता. थाप इतकी धडधडीत आहे की ती पकडली जावी हीच तिची इच्छा. शेवटी नावांची यादी सुरू होते: जॉय डिव्हिजन, सन रा, गिल स्कॉट-हेरन, द स्लिट्स, हुआन ॲटकिन्स, टेनसीसी आणि कितीतरी. आवाज चढत जातो, अर्थ गळत जातो, आणि उरतो तो फक्त संग्रह दाखवायचा अट्टाहास.

गंमत अशी की ज्यांची टिंगल होती त्या लोकांनी ती यादी लिहून घेतली आणि त्यातलं एकेक नाव ऐकायला सुरुवात केली. माझ्या मते गाण्याचा हा पराभव नाही. टिंगल आणि प्रेम त्यात इतकं कालवलेलं आहे की वेगळं काढता येत नाही.

डॅफ्ट पंक खरोखर मर्फीच्या घरी वाजवायला आले होते का?

नाही.

सविस्तर उत्तर हवं असेल तर: पहिलं गाणं 'डॅफ्ट पंक इज प्लेइंग ॲट माय हाउस' ही एक कल्पना आहे. अमेरिकेतल्या पंक पोरांची पद्धत अशी की कुणाच्या तरी तळघरात फर्निचर बाजूला सारायचं, स्पीकर आणायचे, बँडला प्रवासखर्चापुरते पैसे द्यायचे आणि मैफल करायची. मर्फी त्याच वातावरणात वाढला. त्याने त्या तळघरात पंक बँडच्या जागी पॅरिसची जगप्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक जोडी बसवली. दोन जगं एकत्र आणण्याबद्दल भाषण द्यायच्या ऐवजी त्याने त्यांना एका खोलीत कोंबलं, बस.

गाणं ब्रिटनच्या टॉप 40 यादीत गेलं. सोलवॅक्स या बेल्जियन मंडळींनी त्याचं केलेलं रिमिक्सही शोधून ऐका.

यातली बरीच गाणी दुसऱ्यांसारखी वाटतात. ही उसनवारी नाही का?

आहे. आणि मर्फी ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. 'डिस्को इन्फिल्ट्रेटर'मधली सिंथची (सिंथेसायझरची) चढती ओळ क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या 'होम कॉम्प्युटर'ची आहे, हे कुणीही ओळखावं अशी ती समोर ठेवली आहे. 'ग्रेट रिलीज' ऐकताना सत्तरच्या दशकातला संगीतकार ब्रायन इनो आठवतो. 'नेव्हर ॲज टायर्ड ॲज व्हेन आयम वेकिंग अप'मध्ये बीटल्सचे शेवटचे दिवस तरंगतात. 'मूव्हमेंट'मध्ये तो शब्द फेकतो ते द फॉल या इंग्लिश बँडचा गायक मार्क ई. स्मिथ याच्या ढंगात.

प्रश्न उसनवारीचा नाही, उसनं घेऊन पुढे काय केलं त्याचा आहे. 'डिस्को इन्फिल्ट्रेटर'मध्ये ती ओळ नव्या गाण्याच्या कामाला लागते. थंड यंत्राच्या शेजारी एक घामेजलेला, उंच पट्टीत चिरकणारा माणूस उभा राहतो. 'नेव्हर ॲज टायर्ड' मात्र मला अजूनही नमुना गिरवल्यासारखं वाटतं. सुंदर गिरवलाय, पण गिरवलाय.

गाणी इतकी लांब आणि तीच तीच का वाटतात?

कारण ती तशीच असायला हवीत. 'ऑन रिपीट' आठ मिनिटांचं आहे आणि त्याचं नावच कबुली देतं. पहिली दोन-तीन मिनिटं 'आता काहीतरी होईल' असं वाटतं, होत नाही. मग लक्षात येतं की होतंय, फक्त खूप हळू: एक ताल वाद्य आत आलं, गिटारचा एक ओरखडा, बेसने जागा बदलली. ही गाणी बसून, हातात काही न घेता ऐकली तर कंटाळा येऊ शकतो. चालताना, भांडी घासताना, नाचताना ऐका.

आवाज जोरात ठेवा आणि बेस नीट ऐकू येईल असं काहीतरी वापरा. फोनच्या छोट्या स्पीकरवर यातलं निम्मं संगीत अक्षरशः नसतं. 'थ्रिल्स'चा तर सगळा जीवच त्या जाड, खरखरीत बेसमध्ये आहे.

दुसऱ्या सीडीवर 'येह' या गाण्याची दोन रूपं का दिली आहेत?

'क्रॅस व्हर्जन' नऊ मिनिटांच्या वर, 'प्रिटेन्शियस व्हर्जन' अकरा मिनिटांच्या. पहिल्यात गाणं आहे, शब्द आहेत आणि शेवटी सिंथचा असा गदारोळ आहे की छप्पर उडावं. दुसरं जवळजवळ निव्वळ वाद्यांचं. नावं ठेवणाऱ्यांनी नावं ठेवायच्या आधी मर्फीने स्वतःच ठेवून टाकली: एक रांगडं, एक शिष्ट. एकच ऐकायला वेळ असेल तर रांगडं.

मर्फी धड गायक तरी आहे का?

पारंपरिक अर्थाने नाही, निदान या अल्बमवर तरी नाही. बरंचसं तो बोलतो, पुटपुटतो, टोमणे मारतो, मधेच ओरडतो. 'ट्रिब्युलेशन्स'मध्ये मात्र सरळ सूर धरून गातो आणि ते चांगलं जमलंय. किंबहुना अल्बममधलं सर्वांत नेटकं पॉप गाणं तेच. पाच मिनिटांच्या आत आटोपतं, सिंथचा बेस पहिल्या क्षणापासून गळ्यात पडतो. कुणाला या बँडची ओळख करून द्यायची असेल आणि त्याच्याकडे धीर कमी असेल, तर हे द्या.

अल्बममध्ये कमजोर काय आहे?

पहिल्या सीडीचा मधला भाग. 'मूव्हमेंट' तीन मिनिटांत गिटारचा भडका उडवतं आणि लगेच 'नेव्हर ॲज टायर्ड' वेग थांबवतं. दोन्ही बाजूंची गाणी एकमेकांची ताकद खातात. शिवाय मर्फीचा उपरोध कधीकधी चिलखत होतो. फॅशनच्या मागे धावणाऱ्यांना तो इतक्यांदा चिमटे काढतो की विचारावंसं वाटतं, बाबा रे, तुला स्वतःला काय हवंय ते सांग ना. त्याचं उत्तर शेवटच्या 'ग्रेट रिलीज'मध्ये थोडं मिळतं. तिथे तो विनोद खाली ठेवतो, पियानोचे संथ सूर येतात आणि आवाजाचा ढग हळूहळू भरत जातो.

कव्हरवर काय आहे?

मिररबॉल, म्हणजे छताला टांगलेला आरशांचा गोळा. डिस्कोचं सर्वांत घासून गुळगुळीत झालेलं चिन्ह, मुद्दाम.

या अल्बमला पुरस्कार मिळाले का?

2006च्या ग्रॅमीत दोन नामांकनं होती: इलेक्ट्रॉनिक/डान्स विभागात अल्बमला, आणि डान्स रेकॉर्डिंगसाठी 'डॅफ्ट पंक...' या गाण्याला. दोन्हीकडे केमिकल ब्रदर्स जिंकले. एलसीडीला ग्रॅमी मिळायला 2018 उजाडलं, 'टुनाइट' या गाण्यासाठी.

पुढचे अल्बम यापेक्षा चांगले आहेत असं म्हणतात. मग हा का ऐकायचा?

'साउंड ऑफ सिल्व्हर' (2007) यापेक्षा चांगला आहे, यावर मी वाद घालणार नाही. तिथे मैत्री, मृत्यू आणि वय यांबद्दल मर्फी उघडपणे बोलायला लागतो. 'दिस इज हॅपनिंग' (2010) जास्त ऐसपैस आहे, आणि 'अमेरिकन ड्रीम' (2017) अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पण त्या अल्बममधल्या हळवेपणाची किंमत या पहिल्या रेकॉर्डमुळे कळते. इथे मर्फी अजून लपलेला आहे, यादीच्या मागे, टोमण्याच्या मागे, ठेक्याच्या मागे. तो लपतो कसा ते पाहणं हाच इथला आनंद, आणि तो पुढच्या कुठल्याच अल्बममध्ये मिळत नाही.

ही गाणी मैफलीत अजून वाजतात का?

यातली बरीच त्यांच्या मैफलींत कायम राहिली. 2 एप्रिल 2011 रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बँडने निरोपाची म्हणून जी मैफल केली, तीन तासांहून मोठी, तीत 'टू मच लव्ह', 'ट्रिब्युलेशन्स', 'मूव्हमेंट', 'येह', 'लूझिंग माय एज' हे सगळं होतं. ती मैफल 2014 साली 'द लाँग गुडबाय' या नावाने बाहेर आली. 2016 साली बँड पुन्हा एकत्र आला, त्यामुळे 'निरोप' हा शब्द आता जरा जपूनच वापरावा लागतो. 'द लाँग गुडबाय' ऐकायचा तर आधी 'येह' लावा आणि मग स्टुडिओतल्या 'क्रॅस व्हर्जन'शी ताडून पाहा. माहोनीचे ड्रम्स काय करतात ते तिथे कळेल.